जपानमध्ये चुकलात तर कुणी ओरडत नाही, नवख्या माणसाची खरी अडचण तिथेच सुरू होते

वाळूज एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे शब्द नवे नसतात. शॉप फ्लोअरवर '5एस'चा बोर्ड असतो, ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळं चकाचक होतं, कायझेनची चांगली आयडिया देणाऱ्याचा फोटो नोटीस बोर्डावर लागतो. थोडक्यात, जपान छत्रपती संभाजीनगरात आधीपासूनच आहे. फक्त तो कंपनीच्या गेटच्या आत आहे. शिफ्ट संपली, गाडीला किक मारली की माणूस परत आपल्या शहरात.

जपानला राहायला गेल्यावर हे गेट नसतं. तिथे घर, जिना, कचऱ्याची पिशवी, सायकल, आंघोळ असं सगळंच 'शॉप फ्लोअर' असतं.

हा विषय आत्ताच का? तर ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून 5 लाख लोकांची देवाणघेवाण करायचं ठरवलं. त्यात भारतातून 50 हजार कुशल माणसं जपानला जावीत असं उद्दिष्ट आहे. त्याआधी 31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्कर मोटरने संभाजीनगरातल्या सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारसोबत करार केला होता. त्यामुळे मराठवाड्यातल्या आयटीआय आणि नर्सिंग झालेल्या पोरापोरींच्या घरात 'जर्मनी की जपान' ही चर्चा आता नवलाची राहिलेली नाही.

या चर्चेत व्हिसा, पगार आणि एन4 परीक्षा एवढ्याच गोष्टी येतात. व्हिसाचं गणित तसं सरळ आहे. 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' हा व्हिसा जपानने एप्रिल 2019 मध्ये सुरू केला आणि भारतासोबत त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. त्यासाठी त्या कामाची परीक्षा आणि साधारण एन4 पातळीचं जपानी लागतं. केअरगिव्हरच्या कामासाठी त्या क्षेत्रातल्या जपानी भाषेची वेगळी परीक्षा असते. पहिल्या प्रकारच्या व्हिसावर जास्तीत जास्त 5 वर्षं राहता येतं आणि बायको-मुलांना सोबत नेता येत नाही. ही शेवटची अट बऱ्याच घरांत उशिरा कळते.

एजंटच्या बाबतीतही एक आकडा माहीत असलेला बरा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला भारत सरकारकडे नोंदणी करावी लागते, त्यांची यादी 'ई-मायग्रेट' पोर्टलवर असते आणि त्यांना सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. भाषेचा क्लास, तिकीट हे खर्च वेगळे. पण 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली काही लाख मागितले जात असतील तर आधी त्या यादीत नाव शोधावं.

बॅग भरताना

आई बॅग भरते तेव्हा त्यात मिक्सर असतोच. जपानमध्ये घरातली वीज 100 व्होल्टची आहे. आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे घरघर करेल, चटणी मात्र वाटणार नाही. ताजा कढीपत्ता, भाजी, फळं ही तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. मांसाचे पदार्थही चालत नाहीत.

औषधांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. सर्दीवरच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि त्याचं प्रमाण 10 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते औषध जपानमध्ये नेताच येत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महिनाभर पुरेल इतकंच नेता येतं, त्यापेक्षा जास्त हवं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्या सहा महिन्यांच्या भरून नेणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

उतरल्यावर मोठ्या विमानतळांवर 'रेसिडेन्स कार्ड' हातात मिळतं. ते कायम जवळ ठेवायचं. नसेल तर 2 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. राहायचा पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात किंवा नगरपालिकेत जाऊन नोंद करायची. पुढे घर बदललं तरी हाच 14 दिवसांचा नियम.

कचरा आणि कावळा

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या गावकऱ्यांनी महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि त्यानंतर हे शहर कित्येक आठवडे कचऱ्यात राहिलं. मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमारही झाला. कचऱ्याचं वर्गीकरण झालं नाही तर काय होतं, हे संभाजीनगरकरांना कुणी शिकवायला नको.

तरीही जपानमधला कचरा अंगावर येतो. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, कागद असं सगळं वेगळं आणि प्रत्येकाचा वार वेगळा. काही शहरांत महापालिकेने ठरवलेल्या पिशव्याच वापराव्या लागतात. पेट बाटलीचं झाकण आणि वरचं लेबल काढून, बाटली धुऊन टाकायची. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु या छोट्या गावाने तर कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार केलेत. इतकं सगळीकडे नाही, पण प्रत्येक शहराचे नियम वेगळे आहेत हे महत्त्वाचं. टोकियोत राहणाऱ्या मित्राचा व्हिडिओ बघून नागोयात कचरा टाकला तर चुकणारच. पत्त्याची नोंद करायला गेल्यावर तिथेच कचऱ्याचं कॅलेंडर मागून घ्यावं, बऱ्याच ठिकाणी ते इंग्रजीतही असतं.

पिशवी त्याच दिवशी सकाळी, साधारण 8 च्या आत ठेवायची. आदल्या रात्री ठेवली तर कावळे फाडतात, म्हणून पिशव्यांवर जाळी टाकलेली असते. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवावा म्हणून माणसं ताटकळत उभी राहतात, तिथे तो शिवू नये म्हणून एवढा बंदोबस्त.

गादी, कपाट अशा मोठ्या वस्तूंसाठी आधी फोनवर किंवा ऑनलाइन वेळ घ्यायची, दुकानातून पैसे भरून स्टिकर आणायचं आणि वस्तूवर चिकटवायचं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांना वेगळा कायदा आहे, त्यांच्या रिसायकलिंगचे पैसे टाकणाऱ्याने भरायचे. म्हणजे फुकटात मिळालेला जुना फ्रिज घेताना विचार करावा, कारण तो टाकायला पैसे लागतात.

आता समजा पिशवी चुकली. गाडीवाले त्यावर स्टिकर लावतात आणि ती तिथेच ठेवून जातात. ती दिवसभर पडून राहते. इमारतीत नवा माणूस कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण दार वाजवून कुणी काही म्हणत नाही.

'अहो, हे काय केलं?' असं म्हणणारं कुणी नाही

गुलमंडीत गाडी चुकीची लावली तर दुकानदार ओरडतो. सोसायटीत पाणी सांडलं तर खालच्या काकू वर येतात. दोन शब्द होतात, संध्याकाळी सगळं विसरलं जातं. आपल्याकडे नियम शिकायची पद्धतच ही आहे: चुकायचं आणि बोलणी खायची.

जपानमध्ये शेजारी वर येत नाही. तो इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला फोन करतो. कंपनी जिन्यात एक कागद लावते, त्यावर कुणाचं नाव नसतं. 'रात्री आवाज होत असल्याच्या तक्रारी आहेत, कृपया काळजी घ्यावी.' नव्या माणसाला वाटतं, हे दुसऱ्या कुणाबद्दल तरी असेल. दुसरा कागद लागतो. मग तक्रार नोकरी देणाऱ्या कंपनीकडे जाते आणि साहेब एका बाजूला बोलावतात. त्या माणसाच्या दृष्टीने हे सगळं एकदम आकाशातून पडलेलं असतं. शेजाऱ्याच्या दृष्टीने त्याने दोनदा सांगून झालेलं असतं.

यात जपानी माणूस दुष्ट किंवा लबाड नाही. समोरच्याला तोंडावर लाजवणं हीच त्याला मोठी चूक वाटते. पण याचा भुर्दंड नवख्यालाच पडतो, हेही खरं. त्यामुळे विचारायची सवय आपणच लावून घ्यावी लागते. नव्या घरात गेल्यावर शेजाऱ्यांना भेटून, छोटा टॉवेल किंवा साबणासारखी वस्तू देऊन ओळख करून घ्यायची जुनी पद्धत तिथे आहे. मोठ्या शहरांत ती कमी होत चालली आहे, पण परदेशी माणसाने ती पाळली तर फायदाच होतो. ओळख असली तर 'कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो का?' असं विचारता येतं. लाकडी इमारतींच्या भिंती पातळ असतात, पहाटेची शिट्टी दोन घरं सोडून ऐकू जाते.

बोलण्यातही तेच. 'चोत्तो' म्हणजे 'थोडंसं'. पण एखादी गोष्ट मागितल्यावर समोरचा माणूस 'चोत्तो...' म्हणून श्वास आत ओढून थांबला, तर त्याचा अर्थ 'नाही'. 'विचार करतो' या अर्थाचं 'केंतो शिमासु' ऐकून आठवडाभर वाट बघणारे बरेच असतात. खरं तर हे मराठी माणसाला समजायला हरकत नाही. लग्नाच्या बैठकीत 'कळवतो' या शब्दाचा अर्थ आपल्याला बरोबर कळतोच की.

कामावर मात्र उलट अपेक्षा असते. तिथला मंत्र 'होउरेनसो'. होउकोकु म्हणजे अहवाल देणं, रेनराकु म्हणजे कळवणं, सोउदान म्हणजे सल्ला घेणं. याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे पालक, भाजीतला. मशीन बिघडलं तर 'आधी निस्तरतो, मग सांगतो' ही आपली सवय इथे महागात पडते. आधी सांगायचं. चूक झाली यापेक्षा ती लपवली याचं त्यांना जास्त वाईट वाटतं.

घर देता का घर

भाड्याचं घर शोधणं हा सगळ्यात दुखरा भाग. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 मध्ये परदेशी रहिवाशांचा एक सर्व्हे जाहीर केला. घर शोधणाऱ्यांपैकी जवळपास 40 टक्के लोकांनी 'परदेशी आहे म्हणून नकार मिळाला' असं सांगितलं. कारण तोंडावर सांगितलं जातंच असं नाही, 'चोत्तो...' इथेही असतं. आपल्याकडे आडनाव किंवा खाणंपिणं विचारून घर नाकारतात, तेव्हा नाकारला जाणारा माणूस कुणी दुसरा असतो. तिथे तो आपण असतो.

घर मिळालं तरी सुरुवातीचा खर्च दणकून असतो. 'शिकिकिन' म्हणजे डिपॉझिट. 'रेइकिन' म्हणजे मालकाचे आभार म्हणून दिलेले पैसे, जे परत मिळत नाहीत. त्यावर एजंटची फी आणि हमी देणाऱ्या कंपनीची फी. भाड्याच्या चार-पाच पट रक्कम पहिल्याच दिवशी लागू शकते. 'यूआर' नावाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या घरांना रेइकिन आणि जामीनदार लागत नाही. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीय वस्ती वाढली, त्याचं हे एक मोठं कारण.

ताटात काय

'निकु' म्हणजे मांस. 'निकु नको' असं सांगून आलेल्या सूपमध्ये मासा असू शकतो, कारण मासा निकुमध्ये धरत नाहीत. तो डोळ्याला दिसेलच असं नाही. 'दाशी' नावाचं जे पाणी मिसो सूपपासून नूडल्सपर्यंत सगळ्याचा पाया असतं, ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कापांपासून केलेलं असतं. शाकाहारी माणसाने 'मांस, मासा आणि दाशीही नको' असं पूर्ण सांगावं. हलाल पाळणाऱ्याला डुकराच्या अर्काबरोबर 'मिरिन'वरही लक्ष ठेवावं लागतं, ती तांदळाची गोड दारू आहे. नान खलियाची आठवण काढत पहिले काही आठवडे अंडी, भात आणि केळी यांवर काढणारे कमी नाहीत. डाळी आणि मसाले भारतीय दुकानांत, ऑनलाइनही मिळतात. ज्वारीचं पीठ मिळालं तर नशीब.

जेवताना दोन गोष्टी चुकवू नयेत. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते मृताला वाहिलेल्या भाताचं रूप आहे. आणि एका माणसाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. दहनानंतर नातेवाईक अस्थी तशा काड्यांनी उचलून एकमेकांकडे देतात. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात, त्याचंच हे तिथलं रूप. इतकं कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

किल्लारीची आठवण इथे चालत नाही

मराठवाड्यात भूकंप म्हटलं की 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट. दगड-मातीची घरं कोसळून सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यातून इथल्या पिढ्यांनी एक धडा घेतला: जमीन हलली की बाहेर पळा.

जपानमध्ये हा धडा घातक ठरू शकतो. तिथल्या इमारती हलण्यासाठीच बांधलेल्या असतात. बाहेर पळणाऱ्याच्या डोक्यावर काच, कौलं, जाहिरातीचे बोर्ड पडतात. त्यामुळे आधी टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं. हादरे थांबले की गॅस बंद करायचा आणि दार उघडून ठेवायचं, कारण चौकट वाकली तर दार अडकतं. घर घेताना एक प्रश्न नक्की विचारावा: इमारत जून 1981 नंतरच्या भूकंपविषयक नियमांनुसार बांधलेली आहे का?

बातम्यांत येणारा 'शिन्दो' हा आकडा रिश्टरचा नाही. आपण उभे आहोत त्या जागी किती हललं, हे 0 ते 7 मध्ये तो सांगतो. 1 जानेवारी 2024 ला नोतो भागात 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा काही ठिकाणी शिन्दो 7 होता.

1995 च्या कोबे भूकंपात सूचना न समजल्यामुळे परदेशी लोकांचे जास्त हाल झाले. त्यातून 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपं जपानी, ही कल्पना पुढे आली. आज अनेक नगरपालिका छोट्या वाक्यांत, अवघड कांजी टाळून सूचना देतात. एन4 झालेल्या माणसाला त्या वाचता येतात. परीक्षेचा हा उपयोग क्लासमध्ये फार कुणी सांगत नाही.

दुसऱ्या वर्षीचा धक्का

पहिल्या वर्षी पगार बरा हातात येतो. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तो अचानक कमी होतो आणि माणूस घाबरून एचआरकडे धावतो. याचं कारण रहिवासी कर. तो आदल्या वर्षीच्या कमाईवर, साधारण 10 टक्क्यांच्या दराने लागतो. 1 जानेवारीला जपानमध्ये राहत असलेल्या माणसाला तो द्यावाच लागतो, मग तो फेब्रुवारीत भारतात परतला तरी. पहिल्या वर्षीच्या पगारावर घरच्या कर्जाचा हप्ता ठरवणाऱ्यांचं गणित इथे चुकतं. कर आणि विमा थकवला तर व्हिसा वाढवतानाही अडचण येते. आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण त्यामुळे दवाखान्याच्या बिलातले साधारण 30 टक्केच भरावे लागतात. पेन्शनमध्ये कापलेले पैसे देश सोडल्यावर 2 वर्षांच्या आत अर्ज करून काही प्रमाणात परत मागता येतात. हे मात्र आपल्याहून कुणी येऊन सांगत नाही.

सायकलचंही असंच. ती नोंदणी केलेली असावी लागते, कुठेही लावली तर उचलून नेतात, आणि 1 एप्रिल 2026 पासून सायकलस्वारांनाही जागेवर दंडाची पावती देण्याचा नियम आहे. चालवताना मोबाइल हातात धरला तर 12 हजार येन.

मराठी माणसाच्या बाजूने काय

बरंच काही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'छान आहे ना?' मधल्या 'ना'च्या जागी तिथे 'ने' असतो. 'ल' आणि 'व' त्यांना जमत नाही, त्यामुळे विशालचा 'बिशारु' होतो, तेवढं सोसावं लागतं. आणि जपानी अक्षरमालेचा अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम बौद्ध ग्रंथांसोबत गेलेल्या संस्कृतच्या अभ्यासातून आलेला आहे.

त्याच वाटेवर अजिंठाही आहे. नारा इथल्या होर्यु-जी मंदिरातल्या भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याच्या चित्रांशी होत आली. ती चित्रं 26 जानेवारी 1949 च्या आगीत होरपळली. चित्रकार आराइ काम्पो पहिल्या महायुद्धाच्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आले होते. लेण्यांचं जतन आणि पर्यटन सुविधांसाठी जपानने कर्जही दिलं. त्यामुळे जपानमध्ये 'औरंगाबाद' कुणाला कळलं नाही तरी 'अजांता' म्हटल्यावर चेहरा खुलण्याची शक्यता बरीच.

वातावरण मात्र पूर्वीइतकं सैल राहिलेलं नाही. 2024 च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे 37 लाख 69 हजार परदेशी रहिवासी होते, त्यात भारतीय 50 हजारांहून जास्त. जुलै 2025 च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी फर्स्ट' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने 14 जागा जिंकल्या. दुसरीकडे पुण्याचे योगेंद्र पुराणिक एप्रिल 2019 मध्ये 6,477 मतं घेऊन एदोगावाच्या वॉर्ड सभेत निवडून आले होते. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ही दोन्ही चित्रं एकाच देशातली आहेत.

ओळखी वाढवायच्या असतील तर सोपी जागा म्हणजे मोहल्ल्याची समिती, 'चोनाइकाइ'. थोडीशी वर्गणी, महिन्यातला एखादा सफाईचा दिवस, आपत्तीचा सराव, उन्हाळ्यातली जत्रा. नगरपालिकेच्या आधाराने स्वयंसेवकांचे जपानी वर्ग चालतात, त्यांची फी नाममात्र किंवा शून्य असते. टोकियोत मराठी मंडळ आणि गणपतीही आहे. पण केअरगिव्हर किंवा कारखान्यातलं काम बहुतेक वेळा टोकियोपासून लांब, लहान गावात असतं. तिथे गणपती मोबाइलवरच बघावा लागतो.

जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. संभाजीनगरात रात्री साडेआठला जेवणं आटोपून आई फोन लावते, तेव्हा तिकडे बारा वाजलेले असतात. ती नेहमीसारखी मोठ्याने बोलते आणि पोरगी मात्र पांघरुणात तोंड घालून हळू आवाजात उत्तर देते. आईला वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय. तसं काही नसतं. भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं.